आधी घड्याळ, मग पंप

आठवा महिना लागला की घरात यादी निघते. झबली-टोपडी शिवायला टाकायची, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी काढून ठेवायची, पाळणा कुणाकडे आहे ते विचारायचं, अळीव आणि डिंक नेहमीच्या वाण्याकडून आणायचा. शहरांतल्या घरांमध्ये आता या यादीत आणखी एक ओळ असते: ब्रेस्ट पंप. होणाऱ्या बाळाची आत्या मोबाइलवर चार मॉडेलं दाखवते, अमेरिकेतली मावसबहीण ‘इकडून पाठवते, तिकडचे घेऊ नकोस’ असा निरोप धाडते आणि जिच्यासाठी हे चाललेलं असतं ती दोन-अडीचशे ग्राहकांचे अभिप्राय वाचून आणखी गोंधळते. बाजारात दोन-तीनशे रुपयांचा रबरी फुगा आहे, हाताने दाबायचा प्लास्टिकचा पंप आहे, विजेचा एकेरी आहे, दुहेरी आहे, ब्राच्या आत बसणारा बिननळीचा आहे. किंमत शेकड्यांपासून थेट तीस-चाळीस हजारांच्या वर जाते. विचारणारीचा प्रश्न मात्र एकच असतो: यातला कोणता घेऊ?

हा प्रश्न दुकानात सुटत नाही. आई आणि बाळ एकमेकांपासून किती वेळ, किती दिवस आणि कशामुळे लांब राहणार आहेत, हे कळल्याशिवाय पंपाची निवड होऊच शकत नाही. दिवसभर बाळाजवळ असणारीला कदाचित पंप लागणारच नाही. बाळ काचेच्या पेटीत असेल, तर तिला पहिल्या दिवसापासून लागेल. सहा महिन्यांनी कामावर जाणारीला सहाव्या महिन्यात लागेल. तिघींना लागणारी यंत्रं वेगळी आहेत आणि जाहिरात तिघींना एकच यंत्र दाखवते.

पान्हा आणि पोकळी

दूध तयार होणं आणि दूध बाहेर येणं या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिली प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या हाती, दुसरी ऑक्सिटोसिनच्या. ऑक्सिटोसिन सुटलं की दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि दूध नळ्यांतून पुढे सरकतं. यालाच आपण पान्हा म्हणतो. बाळाच्या ओढण्याने तो फुटतो, नुसत्या रडण्याच्या आवाजानेही फुटतो. वेदना, धास्ती, संकोच यांनी तो अडतो. स्तन रिकामा होत राहिला तर दूध होत राहतं, भरलेला राहिला तर शरीर हात आखडतं. पंपाचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांवर उभं आहे: पान्हा फुटला पाहिजे आणि स्तन वेळच्या वेळी रिकामा झाला पाहिजे.

पंप करतो ते एवढंच की, स्तनाग्राभोवती पोकळी निर्माण करतो, सोडतो, पुन्हा निर्माण करतो. बाळ तोंडाला लागल्यावर सुरुवातीला भराभर, उथळ चोखतं आणि दूध यायला लागलं की सावकाश, खोल घोट घेतं. चांगले विजेचे पंप याचीच नक्कल करतात. पहिली एक-दोन मिनिटं जलद आणि हलकी ओढ, मग संथ आणि जोराची. दुकानात ‘टू फेज’ म्हणतात ते हेच. नक्कल कितीही जमली तरी यंत्राला बाळाची जीभ नाही, त्याची ऊब नाही, वास नाही. त्यामुळे एकाच स्तनातून बाळ जेवढं ओढेल तेवढं पंप ओढेलच असं नाही.

हे यंत्र इथवर पोचलं ते फार वळणावळणाने. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अशा पंपांची पेटंटं निघत होती. १९२०च्या दशकात शिकागोच्या परिसरात एडवर्ड लास्कर नावाच्या अभियंत्याने विजेवर चालणारा पंप केला. बुद्धिबळाच्या जगात हे नाव प्रसिद्ध आहे, कारण हा तोच बुद्धिबळपटू. त्याचा पंप अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी होता आणि महाग असल्याने मुख्यतः रुग्णालयांतच राहिला. पुढे स्वीडनच्या एइनार एग्नेल या अभियंत्याने किती पोकळी, किती वेळ, किती विश्रांती याचा पद्धतशीर अभ्यास करून १९५०च्या दशकात स्त्रीला इजा न करणारा पंप घडवला. १९६१ साली स्वित्झर्लंडमध्ये मेडेला कंपनी निघाली ती याच परंपरेतून. तोवर विजेचा पंप ही रुग्णालयाची वस्तू होती. तो घरच्या पिशवीत आला तो १९९०च्या दशकात, आणि तोही आधी अमेरिकेत.

अमेरिकेतच का, याचं कारण त्या देशाच्या कायद्यात सापडतं. तिथल्या १९९३च्या केंद्रीय कायद्याने बाळंतिणीला मिळतात बारा आठवडे, आणि तेही बिनपगारी. तेही सगळ्यांना नाहीत. दीड-दोन महिन्यांचं बाळ पाळणाघरात ठेवून कामावर परतणाऱ्या बाईला पंप हवाच. २०१०च्या आरोग्य कायद्याने तिथल्या विमा कंपन्यांना पंपाचा खर्च उचलायला लावला, मालकांना दूध काढायला वेळ आणि न्हाणीघर सोडून दुसरी जागा द्यायला लावली. २०२२ साली हे संरक्षण शिक्षिका, परिचारिका अशा आणखी कितीतरी जणींना मिळालं. म्हणून न्यू जर्सीतली किंवा बे एरियातली मराठी आई पंपाबद्दल इतक्या सहजपणे बोलते. तिच्या विम्यातून तो घरपोच येतो. रजा आखडली की पंप वाढतो, असं हे गणित आहे. तिकडचा सल्ला इकडे घेताना ते ध्यानात ठेवायला हवं. (तिकडचा पंप आणायचाच असेल तर चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का, तेही बघायला हवं. फक्त १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३०च्या विजेवर तो जळेल.)

पहिला आठवडा: यंत्र कपाटात

बाळंतपणानंतरच्या तिसऱ्या दिवशी जवळपास प्रत्येक घरात एक संवाद होतो. बाळ रडतं. कुणीतरी म्हणतं, ‘दूध पुरत नाहीये बहुतेक.’ दुसरं म्हणतं, ‘पंप लावून बघ, किती निघतंय ते कळेल.’ पंप लागतो, बाटलीच्या तळाला पिवळसर थेंब जमतात आणि बाळंतिणीचे डोळे भरून येतात. दुपारपर्यंत दुधाच्या पावडरीचा डबा आलेला असतो.

त्या थेंबांना चीक म्हणतात. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी जेमतेम चमचाभर पुरतो आणि तेवढाच येतो. तो घट्ट असतो, नळीला, झडपेला, बाटलीच्या कडेला चिकटून राहतो. यंत्राने काढायला गेलं की निम्मा यंत्रातच मुरतो. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत, गरज पडलीच तर, दूध हाताने काढावं आणि वाटीत धरावं असंच तज्ज्ञ सांगतात. भरघोस दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, सिझेरियन झालं असेल तर कधी आणखी थोडं उशिरा. बाळाला पुरतंय का हे पंपाच्या बाटलीवरून कळत नाही. ते कळतं ओल्या लंगोटांवरून आणि वजनावरून.

हाताने काढणं ही शिकायची कला आहे. हात स्वच्छ धुवायचे. अंगठा वर, दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून साधारण इंचभर मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, मग सैल सोडायचं. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत, स्तनाग्र पिळायचं नाही. थोड्या थोड्या वेळाने बोटांची जागा फिरवायची. दुखलं तर पद्धत चुकतेय. याला पैसा लागत नाही, वीज लागत नाही, आणि वैद्यकीय पुरावाही याच्या बाजूने आहे. दूध काढण्याच्या पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ साली आढावा घेतला. लवकर सुरुवात करणं, स्तनांना ऊब देणं, हलकं चोळणं, आईचं मन निवांत असणं, हाताने काढणं अशा बिनखर्चाच्या उपायांनी काही बायकांना मोठ्या विजेच्या पंपाइतकाच किंवा जास्तही लाभ होतो, असं त्यात निघालं. कुठलाही एक पंप सगळ्यांसाठी श्रेष्ठ ठरला नाही.

दूध दाटून छाती दगडासारखी झाली, तर पंप लावून ‘सगळं रिकामं’ करण्याची घाई होते. शेजारच्या काकू गाठी चोळून फोडायला सांगतात. २०२२ साली स्तनपानतज्ज्ञ डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने याबाबतचा सल्ला सुधारला: जोरात चोळू नका, त्याने आतली सूज वाढते, गरजेपेक्षा जास्त पंप करू नका, कारण शरीर ते मागणी समजून आणखी दूध करतं, थंड पट्टी ठेवा, बाळाला नेहमीसारखं पाजा. छाती फारच ताठरली आणि बाळाला धरताच येईना, तर हाताने थोडंसं काढून मऊ करावी, एवढं पुरतं. ताप आला किंवा एखादी जागा लाल होऊन ठणकू लागली तर डॉक्टर गाठावा.

आत वळलेल्या स्तनाग्रांसाठीही पुष्कळ जणी पंप शोधतात. त्यावर १९९०च्या दशकात कर्नाटकातल्या दावणगेरेच्या डॉक्टरांनी काढलेला उपाय आजही आपल्या रुग्णालयांत दिसतो. प्लास्टिकच्या सिरिंजची सुईकडची बाजू कापायची, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने आत घालायचा, गुळगुळीत कड स्तनावर टेकवून हलकेच ओढायचं. परिचारिका हा दहा-वीस रुपयांचा पंप पाहता पाहता करून देते.

काचेच्या पेटीपलीकडे

बाळ नवजात अतिदक्षता विभागात असेल तर मात्र सगळंच बदलतं. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधत नाही. त्याला नळीने दूध द्यावं लागतं, आणि ते दूध आईचं असणं हे औषधाइतकं महत्त्वाचं असतं. अशा बाळांच्या आतड्याला होणारा जीवघेणा दाह आईच्या दुधाने कमी होतो. इथे आईने पहिल्या काही तासांतच सुरुवात करायची असते आणि दिवस-रात्र मिळून आठ ते दहा वेळा दूध काढायचं असतं, रात्रीही. ओढायला बाळ नाही, म्हणून ते काम यंत्राने करायचं. हात आणि पंप दोन्ही वापरले, म्हणजे पंप चालू असताना स्तन हलकेच दाबत राहिलं आणि शेवटी थोडं हाताने काढलं, तर दूध वाढतं, असं कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी दाखवलं आहे.

अशा आईला लागतो तो दुहेरी, रुग्णालयात वापरायचा, दणकट मोटरचा पंप. तो विकत घेण्याची घाई करू नये. चांगल्या विभागात तो असतो, मोठ्या शहरांत भाड्यानेही मिळतो. प्रत्येकीने फक्त स्वतःचा संच, म्हणजे फनेल, नळी, झडपा आणि बाटल्या घ्यायच्या. खोक्यावर ‘हॉस्पिटल ग्रेड’ छापलं आहे म्हणून मात्र भुलू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही या शब्दांची कुठलीही ठरलेली व्याख्या केलेली नाही, त्यामुळे ते कुणीही छापू शकतो.

आणि आईला दूध आलंच नाही, तर? याचं उत्तर मुंबईने फार आधी शोधलं. धारावीच्या कुशीतल्या शीव रुग्णालयात, म्हणजे लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, नवजात बालकांच्या तज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९च्या नोव्हेंबरात मातृदुग्ध पेढी उभी केली. आशियातली ती पहिली. वरचं दूध पाजलेली अपुऱ्या दिवसांची बाळं जंतुसंसर्गाने दगावत होती, आणि त्याच इमारतीत अशा कितीतरी बाळंतिणी होत्या ज्यांचं दूध आपल्या बाळाला पुरून उरत होतं. पेढीचं तत्त्व इतकं साधं होतं. दान आलेलं दूध तपासून, ६२.५ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून, तडक थंड करून, उणे वीस अंशांवर साठवलं जातं. डॉ. फर्नांडिस पुढे त्या रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. अशा पेढ्यांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. दुधाचा बाजार मांडू पाहणारेही निघाले, तेव्हा मे २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाला आईच्या दुधाची विक्री चालणार नाही असं स्पष्ट बजवावं लागलं. जास्तीचं दूध असणाऱ्या आईने ते फ्रीझरमध्ये साठवून शेवटी ओतून देण्यापेक्षा पेढीला विचारावं. पंपाचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही.

सूर्यास्ताचे दरवाजे

रायगडाखालच्या हिरकणीची आख्यायिका आपण आईच्या धाडसाची म्हणून सांगतो. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, घरी तान्हं बाळ, अवघड कडा, काळोख. त्या गोष्टीतल्या खऱ्या अडचणीकडे मात्र लक्ष जात नाही. सूर्यास्ताला दरवाजे बंद व्हायचा नियम होता आणि तो नियम करणाऱ्याच्या डोक्यात तान्ह्या बाळाची आई नव्हती. तिला उशीर झाला एवढंच. एसटीच्या स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी तिच्या नावाचे कक्ष झाले हे चांगलंच, पण कामावर जाणाऱ्या आजच्या आईपुढे दरवाजा तोच आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आवश्यक ठरलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येईल असं लिहिलं गेलं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीखेरीज, बाळाला पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुटी, हा नियम तर मूळ कायद्यापासूनचा. पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही हे सारं आलं. पण बदलापूरला राहणारी आणि फोर्टला नोकरी करणारी बाई दोन छोट्या सुट्यांत बाळाला पाजायला घरी जाणार कशी? कायद्याने धरलं आहे की बाळ जवळ असेल. लोकलने ते धरलेलं नाही. त्या सुट्यांत तिला दूध काढता आलं पाहिजे, आणि दूध काढण्याबद्दल कायदा अवाक्षर बोलत नाही.

म्हणून या आईचा हिशेब करून बघावा. आईच्या दुधावर वाढणारं बाळ पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी साडेसातशे मिलीलीटरच्या आसपास पितं. प्रवास धरून आई दहा-अकरा तास बाहेर असेल, तर त्या वेळातल्या तीन-चार पाजण्या चुकतात. तेवढ्याच वेळा दूध काढलं तर पुरवठा टिकतो. म्हणजे कामाच्या वेळेत साधारण दर तीन तासांनी एकदा. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, शिवाय धुणं-पुसणं. एकेरी पंपाने हाच वेळ जवळजवळ दुप्पट होतो. नोकरीवाल्या बाईने विजेचा दुहेरी पंप घ्यावा तो एवढ्यासाठी. तिथे पैसे यंत्राचे नसतात, वाचलेल्या वेळेचे असतात. आठवड्यातून एकदाच बाहेर जाणारीला मात्र हाताचा पंप भरपूर होतो. तो आवाज करत नाही, पर्समध्ये मावतो, बिघडला तर घरच्या घरी खोलता येतो.

ब्राच्या आत बसणारा पंप मोहात पाडतो, कारण तो जागेचा प्रश्न सुटल्याचा भास देतो. मीटिंगमध्ये बसा, काम करा, कुणाला कळणार नाही, असं जाहिरात म्हणते. काहींना तो खरंच उपयोगी पडतो, विशेषतः दूध एकदा नीट बसल्यावर. पण त्याची ओढ बहुधा मोठ्या पंपाएवढी नसते, तो नीट बसला नाही तर दूध सांडतं, आणि तो महाग असतो. शिवाय मालकाला एक पळवाट सापडते: बसल्या जागी जमतंय ना, मग वेगळी सुटी आणि खोली कशाला?

खोलीची गोष्ट विधिमंडळालाही चुकली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या, तेव्हा विधान भवनात हिरकणी कक्ष सुरू झाला. पुढच्या अधिवेशनात मुंबईतल्या कक्षाच्या अवस्थेबद्दल त्यांना जाहीर तक्रार करावी लागली. आमदाराला जे मागून घ्यावं लागतं, ते कारकून बाई कुठल्या तोंडाने मागणार? खरं तर मागणी मोठी नाही. आतून कडी, पाठ टेकायला खुर्ची, हात धुवायला नळ, विजेचा बोर्ड आणि एक छोटा फ्रिज. स्वच्छतागृहात बसून बाळाचं अन्न काढायला लावू नये, यासाठी वेगळा युक्तिवाद लागू नये.

खोकं उघडल्यावर

गरज ठरली की यंत्राकडे वळायला हरकत नाही. पहिली बघायची गोष्ट फनेल, म्हणजे स्तनावर टेकवायचा तुतारीसारखा भाग. खोक्यात बहुधा २४ किंवा २७-२८ मिलिमीटरचा येतो. पुष्कळ जणींना त्याहून लहान लागतो. स्तनाग्राच्या बुंध्याची रुंदी पट्टीने मोजावी आणि त्याच्या आसपासचा किंवा किंचित मोठा घ्यावा. पंप चालताना स्तनाग्र नळीत मोकळेपणाने पुढे-मागे झालं पाहिजे. भोवतीचा काळा भाग सगळा आत ओढला जात असेल तर फनेल मोठा, स्तनाग्र कडेला घासत असेल तर लहान. ‘पंप दुखतो’ किंवा ‘दूधच निघत नाही’ अशी तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच मिटते. घेण्याआधी त्या कंपनीचे वेगवेगळे फनेल इथे सुटे मिळतात का, हे विचारावं.

दुसरी गोष्ट, दूध मोटरकडे जाऊ न देणारा पडदा. तो असेल तर नळीत ओल आणि बुरशी धरत नाही. तिसरी, झडपा. बदकाच्या चोचीसारखी ती रबरी झडप काही महिन्यांत सैल पडते, ओढ कमी होते आणि बाईला वाटतं आपलं दूध आटलं. सुटे भाग जवळच्या दुकानात मिळणारा साधा पंप हा सुटे भाग न मिळणाऱ्या परदेशी पंपापेक्षा चांगला. चौथी, वीज. गावाकडे माहेरी जाणार असाल तर बॅटरीवर चालणारा घ्या किंवा सोबत हाताचा ठेवा. ओढ किती ठेवायची, याला नियम एकच: सोसवेल तिथवर. वेदना झाली की पान्हा आखडतो, म्हणजे जास्त ओढीने दूध कमीच येतं.

सायकलच्या भोंग्यासारखा रबरी फुग्याचा पंप घेऊच नये. फुगा आतून धुता येत नाही आणि ओढ आवरता येत नाही. वहिनीचा वापरलेला घरगुती पंप घेण्याआधी विचार करावा. आतला पडदा नसेल तर तिचं दूध मोटरपर्यंत गेलेलं असू शकतं, आणि मोटर उकळता येत नाही.

धुण्याकडे दुर्लक्ष होतं, कारण थकवा असतो. २०१६ साली अमेरिकेत एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला क्रोनोबॅक्टर जंतूचा गंभीर संसर्ग झाला आणि माग पंपापर्यंत लागला. भाग साबणाच्या पाण्यात तासन् तास भिजत ठेवले जात होते. तेव्हापासूनचा सल्ला असा: दर वेळी वापरल्यावर लगेच सुटे करा, वाहत्या पाण्याखाली धरा, वेगळ्या तसराळ्यात साबणाने घासा, हवेत वाळवा, दिवसातून एकदा उकळा.

फ्रिजवरचं लेबल

काढलेल्या दुधाबद्दल जो तक्ता जगभर फिरतो तो अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा. खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम. त्यातली ‘खोली’ पंचवीस अंशांची किंवा त्याहून थंड आहे. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात ठाण्याच्या चाळीत, तो चार तासांचा हिशेब धरू नये. दूध काढलं की लगेच फ्रिज, प्रवासात बर्फाच्या पुड्यांची पिशवी. फ्रिजच्या दारात ठेवू नये, मागच्या बाजूला ठेवावं. वेळ आणि तारीख लिहावी. वितळवलेलं दूध चोवीस तासांत संपवावं, पुन्हा गोठवू नये. गरम करायचं तर कोमट पाण्याच्या भांड्यात. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. वर साय धरलेली दिसली तर नासलं म्हणून ओतू नये, हलकेच हलवावं. सासूबाईंना हे सगळं रजा संपायच्या पंधरा दिवस आधीच दाखवून ठेवावं, कारण खरं काम त्याच करणार असतात.

आणि पाजायचं कशाने? पंपाच्या खोक्यात बाटली असते, म्हणून हात आपोआप बाटलीकडे जातो. बाटलीच्या बोंडाला धार सहज लागते आणि काही बाळं मग अंगावर प्यायला कुरकुरतात. शिवाय बाटली नीट स्वच्छ होत नाही. आपल्या घरांत वाटी-चमचा होता, चोच असलेलं चांदीचं किंवा पितळी बोंडलं होतं. आजही बालरोगतज्ज्ञ वाटी-चमचाच सुचवतात. जाता जाता एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. शिशुदुग्ध पर्याय आणि दूधपाजणीच्या बाटल्यांविषयीच्या १९९२च्या कायद्याने डब्याचं दूध आणि बाटली यांच्या जाहिरातीला आपल्याकडे बंदी आहे. २००३ साली तो कायदा आणखी कडक झाला. पंप त्या यादीत नाही. त्यामुळे जी बाटली एकटी जाहिरातीत येऊ शकत नाही, ती पंपाच्या खोक्यात बसून घरात येते.

यादीतली पहिली ओळ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या सहा महिन्यांखालच्या ६३.७ टक्के बाळांना फक्त आईचं दूध मिळत होतं. जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं मात्र ४१.८ टक्केच होती, आणि ते तेव्हा, जेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक प्रसूती दवाखान्यांत होत आहेत. म्हणजे डॉक्टर, परिचारिका जवळ असताना पहिला तास हातचा जातो. त्या तासाला पंप लागत नाही, शेजारी उभं राहून बाळाला नीट धरायला लावणारं माणूस लागतं.

ज्यांना सगळ्यात कमी रजा आहे, त्या बायकांना तर पंपाची जाहिरात भेटतच नाही. ऊसतोडीला गेलेली बाई बाळाला फडाच्या बांधावर निजवून कोयता हातात घेते. चार घरची धुणीभांडी करणारीला २६ आठवडे नाहीत, पाळणाघर नाही आणि दूध ठेवायला फ्रिजही असेलच असं नाही. तिच्या कामी येणारी गोष्ट एकच, हाताने दूध काढण्याचं कौशल्य आणि झाकणाची स्वच्छ वाटी. ते प्रत्येक प्रसूतिगृहात, घरी सोडण्याआधी, प्रत्येक बाळंतिणीकडून करून घेतलं जावं. पंप परवडणारीलाही ते यायला हवंच. वीज गेली, झडप हरवली, चार्जर ऑफिसात राहिला, तर तेच कामी येतं.

तेव्हा आठव्या महिन्यातल्या त्या यादीत पंपाच्या वर दोन कामं लिहावीत. एक, जिथे नाव घातलं आहे तिथे विचारायचं: हाताने दूध काढायला कोण शिकवेल आणि गरज पडली तर रुग्णालयाचा पंप मिळेल का? दोन, रजेवर जाण्याआधी ऑफिसला लेखी विचारायचं: परतल्यावर दूध काढायला कुठली खोली, कुठल्या वेळा आणि फ्रिज कुठे? तोंडी ‘बघू’ म्हणतील, म्हणून लेखी. सहकाऱ्यांपैकी दोघी-तिघींनी सह्या केल्या तर आणखी बरं, कारण पुढच्या वर्षी त्यांची पाळी असेल. ‘हो’ आलं तर दुहेरी पंप घ्यावा आणि त्याची पावती जपावी. ‘नाही’ आलं तर तीस हजारांचा पंपही उपयोगाचा नाही. मग भांडण दुकानदाराशी नसून मालकाशी आहे, आणि ते बाळंतिणीच्या एकटीच्या अंगावर टाकण्याऐवजी नवऱ्याने, युनियनने, कचेरीतल्या ज्येष्ठांनी लढायला हवं.